न पाहिलेल्याची साक्ष

माझ्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी एक आकडा असतो आणि आकड्याखाली माझी सही. तीसपैकी सतरा. सामाजिक गुणांक ६८. वर चार पानं मजकूर असला तरी तो फारसं कुणी वाचत नाही. मुलगा आकडा विचारतो, कार्यालयातला बाबू आकडा शोधतो, वकील त्याच्याखाली रेघ ओढतो. त्या आकड्यावर कुणाच्या गोळ्या सुरू होतात, कुणाचं अनुदान सुरू होतं, कुणाच्या अंगठ्याला किंमत उरते आणि कुणाच्या उरत नाही. मेंदूला इजा किंवा आजार झाल्यावर माणसाची आठवण, भाषा, लक्ष, हिशेब यांत नेमकं काय बिघडलं हे चाचण्या घेऊन शोधायचं, हे माझं काम. त्याला चेतामानसशास्त्र म्हणतात. काम मला मनापासून आवडतं. म्हणूनच सही करताना मनात जे उभं राहतं ते एकदा सरळ मांडून पाहायचं आहे: ज्या माणसाबद्दल मी हे लिहिते आहे, त्याला मी पाहिलंय का?

नोकरी शहरात असली तरी माझं माहेर धामणगाव बढे. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातलं गाव, खान्देशाची हद्द इथून लांब नाही. घरात वऱ्हाडी, तिच्यात खान्देशी वळणं मिसळलेली. बाजारात हिंदी, मुसलमान घरांत उर्दू, तांड्यावरून येणाऱ्यांच्या तोंडी गोरमाटी. शेतात कपाशी, मका, सोयाबीन, तूर. मी माहेरी आल्याचं कळलं की ओसरीवर माणसं येऊन बसतात. कुणी फाईल घेऊन, कुणी नुसतंच. मी गावची लेक, त्यामुळं कुणी मला डॉक्टर मानून बोलत नाही. थोरल्या बाया ‘पोरी’ म्हणतात, बरोबरीचे ‘ताई’ म्हणतात. या आपलेपणाचा फायदा आहे तसा धोकाही आहे. शहरातल्या दवाखान्यात माणूस मला घाबरून गप्प बसतो, इथं तो मला बरं वाटावं म्हणून बोलतो. दोन्हीकडं मला मिळणारं उत्तर त्याच्या मेंदूचं एकट्याचं नसतं. त्यात माझा वाटा असतोच.

भाद्रपदातली गोष्ट. एका आजींना त्यांच्या मुलानं आणलं. वय ऐंशीच्या पुढं, शाळेची पायरी कधी चढलेल्या नाहीत. त्यात नवल नाही. १९५१च्या जनगणनेत देशातल्या ८.८६ टक्केच बायका साक्षर होत्या. आज तारीख कोणती, या प्रश्नावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग मुलाकडं.

‘तारीख मले काय माहीत बाप्पा.’

महिना?

‘पोळा झाला. काल गणपती बसले. परवा महालक्ष्म्या येतीन.’

कागदावर या उत्तराला शून्य. त्या दिवशी भाद्रपद शुद्ध पंचमी होती, आणि आजींच्या उत्तरातून ती नेमकी निघत होती. मुलाला मात्र तारीख सांगायला खिशातला मोबाईल काढावा लागला.

ज्या चाचणीनं हे शून्य दिलं ती १९७५ साली अमेरिकेत मार्शल फोल्स्टीन, सुसान फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी तयार केली. तीस गुणांची, दहा मिनिटांत होणारी, जगभर वापरली जाणारी. तिच्यात शंभरातून सातसात वजा करत जायचं असतं, एक वाक्य वाचायचं, एक लिहायचं, एकमेकांत अडकलेल्या दोन पंचकोनांची नक्कल काढायची. सर्वसाधारणपणे चोवीसच्या खाली गुण आले की शंका घ्यायची. आजींचे दहाएक गुण केवळ शाळेत न गेल्यापायी बसल्या जागी गेले. पेन्सिल त्यांनी खुरपं धरावं तशी मुठीत धरली, कागदावर टेकवली आणि हात मागं घेतला. पंचकोन राहिलाच. पण स्वतःच्या दारातल्या सड्यावर त्यांनी सकाळीच रांगोळीचा चौक काढलेला होता, चारही बाजू तोलून. मन लगेच म्हणालं, बघ, डोकं शाबूत आहे, दोष कागदाचा. इथंच मला थांबावं लागतं. रांगोळी सत्तर वर्षांच्या सवयीची आणि पंचकोन पहिल्यांदाच पाहिलेला. सवयीचं टिकून नवं शिकण्याची ताकद आधी जाते, असं स्मृतिभ्रंशाच्या आजारात कितीदा तरी दिसतं. चौकानं आजींचा हात सिद्ध केला. मेंदूबद्दल त्यानं मला हवं होतं तेवढं सांगितलं नाही.

आपल्याकडं या प्रश्नाला कुणी हात घातला नाही असं नाही. हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात ही चाचणी तिथल्या म्हाताऱ्या, निरक्षर माणसांसाठी नव्यानं बांधली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. शंभरातून सात वजा करण्याऐवजी वीसमधून तीन. एखाद्या शब्दाचं स्पेलिंग उलटं सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही बोलायचं. ‘डोळे मिटा’ असं लिहिलेलं वाचण्याऐवजी समोरच्यानं मिटले की आपणही मिटायचे. पुढं त्याच गावांसाठी घरच्यांना विचारायची एक प्रश्नावली झाली: जेवल्याचं विसरतात का, गावातल्या गावात वाट चुकते का, होळी-दिवाळीसारखे सण विसरतात का. मला या कामाबद्दल फार आदर आहे. प्रश्न बदलायला त्या माणसांना खेड्यात जाऊन बसावं लागलं असणार, आपली कोणती समजूत तिथं चालत नाही हे एकेक करून पाहावं लागलं असणार.

पण वीसमधून तीन हेसुद्धा शाळेचंच गणित. आजी उमेदीच्या काळात कपाशीच्या वेचणीला बायांची टोळी घेऊन जायच्या. संध्याकाळी काट्यावर प्रत्येकीचं वजन व्हायचं आणि किलोमागं ठरलेल्या भावानं कुणाचे किती, हे त्या तोंडी सांगायच्या. वहीतला हिशेब मालकाचा, पण बाया विश्वास ठेवायच्या तो आजींच्या हिशेबावर. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळासारख्या वस्तू विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकासमोर त्यांचे जवळपास सगळे हिशेब बरोबर यायचे आणि तीच आकडेमोड कागदावर दिली की निम्म्याहून जास्त चुकायची. ही गोष्ट आजींना सांगितली असती तर त्यांना तिच्यात नवीन काही वाटलं नसतं.

त्यांना एखाद्या कागदानं तपासायचं झालं तर मला तो काट्यासमोर बसून लिहावा लागेल. तेवढा वेळ मी देते का? नाही देत. शहरात एका माणसामागं ठरलेला वेळ असतो, दारात रांग असते. वेळ व्यवस्था ठरवते हे खरं. पण रांग संपल्यावर उरलेल्या तासात मी उठून जाते की बसते, हे व्यवस्था ठरवत नाही.

या विषयातला एक जुना प्रयोग माझ्या मनात फार खोल बसलाय. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया १९३१ आणि १९३२ साली उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले. शिकलेल्यांची आणि न शिकलेल्यांची विचार करण्याची रीत वेगळी असते का, हे त्यांना पाहायचं होतं. निरक्षर माणसांना वर्तुळ दाखवलं तर ती वर्तुळ म्हणायची नाहीत, ताटली म्हणायची, बादली म्हणायची, चंद्र म्हणायची. मग त्यांना एक कोडं घातलं: दूर उत्तरेला, जिथं बर्फ असतं, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेमल्या उत्तरेला आहे, तिथं बर्फ असतं. तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? कितीतरी जणांनी उत्तर द्यायला नकार दिला. आम्ही तिथं गेलो नाही, जो गेलाय त्याला विचारा, आम्ही पाहिलं तेवढंच बोलतो, अशा अर्थाची उत्तरं त्यांनी दिली. हे काम छापून यायला १९७४ साल उजाडलं. त्यातून बहुतेकांनी धडा घेतला तो असा की न शिकलेला माणूस डोळ्यांसमोरच्या गोष्टीपलीकडं विचार करू शकत नाही. विद्यार्थिदशेत मीही तो तसाच शिकले, आणि परीक्षेत तसंच लिहिण्याचे गुण मिळाले.

आता त्या शेतकऱ्यांचा नकार मला वेगळा ऐकू येतो. न पाहिलेल्याची साक्ष द्यायची नाही, ही आमच्या गावातली रीत आहे. बांधाच्या भांडणात पंच बसले की आधी विचारतात, तू होता का तिथं? नसशील तर बोलू नको. आजींना मी एक गोष्ट सांगून तिच्यातल्या बाईबद्दल प्रश्न विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मी पाह्यलं नाही त्या बाईले. खोटं कायले बोलू?’ त्यांचे गुण गेले. आणि मी? त्यांच्या सुनेशी न बोलता, त्यांचं घर न पाहता, ऐकू किती येतं हे न तपासता, ‘दैनंदिन व्यवहारात अडचण’ किंवा ‘अडचण नाही’ यांपैकी एकावर खूण करायची मला मुभा आहे. कायद्यानं, पदवीनं, सगळ्या अंगांनी. जी गोष्ट करायला ती निरक्षर बाई तयार नाही ती मी रोज करू शकते आणि त्याचं मला मानधन मिळतं. हा विचार एकदा मनात आला की सही करणं पहिल्यासारखं सोपं राहत नाही.

सुनेशी बोलायचं म्हणजे काय, हेही सांगायला हवं. ओसरीवर मुलगा, सासरे, शेजारी बसलेले असताना सून काही बोलणार नाही. विचारलं तर ‘बरं हाये सगळं’ एवढंच. तिचं खरं बोलणं चुलीपाशी, भाकरी थापता थापता. तिथं बसल्यावर ती म्हणाली, ‘बी काढून ठेवाचं काम सासूबाईचंच होतं, ताई. राखेत घोळून मडक्यात भरून ठेवत. औंदा अंबाडीचं कोणतं न् भेंडीचं कोणतं, त्याईले सांगताच नाही आलं.’

आजींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन गेलेली, म्हणजे नजर धड होती. तरी मी दोन्ही बिया मागवल्या. आजींनी त्या तळहातावर घेतल्या, बोटांनी चोळल्या, वास घेतला. मग माझ्याकडं पाहून हसल्या आणि म्हणाल्या, ‘दान्यासारखं काही हाये.’ जिनं आयुष्यभर कोरडवाहू शेतात बी राखलं, तिच्या हातात ते बी आलं होतं आणि त्याची ओळख पुसली गेली होती. कोणत्याही छापील चाचणीत हा प्रश्न नाही. मेंदूतल्या अर्थाच्या साठ्याला, वस्तू म्हणजे काय या ज्ञानाला धक्का लागल्याची याहून स्पष्ट खूण मला मिळाली नसती. पोळा, गणपती, महालक्ष्म्या ओळीनं सांगणाऱ्या बाईच्या बाबतीत.

म्हणून मला माझ्या दोन मोहांची सारखीच भीती वाटते. पहिला मोह आकड्याआड लपण्याचा: सतरा आले, आजार आहे, पुढचा. हा मोह ओळखायला सोपा आहे, त्याच्यावर आमच्या क्षेत्रात आता पुष्कळ बोललं जातं. दुसरा मोह परिस्थितीआड लपण्याचा आणि तो जास्त गोड आहे. ‘शिकलेल्या नाहीत, खेड्यातल्या आहेत, वय झालंय, चालायचंच’ असं म्हटलं की मी समजूतदार ठरते, गावची खरी लेक ठरते, आणि एका बाईचा आजार वर्षभर आणखी तसाच वाढतो. घरातही हेच चालतं. एकत्र कुटुंबात म्हातारीवर कुणी काही सोपवतच नाही. चहा हातात, जेवण हातात. जिच्याकडून काही मागितलंच जात नाही तिचं काय हरवलं ते कुणाला कळणार? बल्लभगढच्या पाहणीत पासष्टच्या पुढच्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण १.३६ टक्के निघालं होतं. अलीकडच्या देशव्यापी पाहणीत, जिचे निष्कर्ष २०२३मध्ये आले, साठीच्या पुढच्यांमध्ये ते ७.४ टक्के निघालं. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. दोन पाहण्यांच्या मधल्या काळात आयुर्मान वाढलं, प्रांत वेगळे, पद्धत वेगळी, हे सगळं धरूनही मला वाटतं की फरकाचा मोठा भाग कोणता प्रश्न कुणाला कसा विचारला यात आहे. खेड्यातल्या बायकांमध्ये प्रमाण जास्त दिसतं ते त्यांना शाळा मिळाली नाही म्हणून चाचणीत कमी गुण पडतात यामुळं, की शाळा न मिळाल्यानं मेंदूची राखीव ताकदच कमी पडते यामुळं? मला वाटतं, दोन्ही. आणि समोर बसलेल्या एका बाईत या दोन्हींची वाटणी करणं, हेच तर माझं काम.

शाळा मेंदूलाच घडवते, याचे पुरावे आता भरपूर आहेत. पोर्तुगालमध्ये अलेक्झांद्रे कास्त्रो-काल्दास यांनी १९९८ साली दाखवलं की निरक्षर बायका खरे शब्द नीट परत म्हणतात, पण अर्थ नसलेले बनावट शब्द परत म्हणताना अडखळतात आणि त्या वेळी त्यांचा मेंदू साक्षरांसारखा काम करत नाही. दक्षिण पोर्तुगालमधल्या त्या समाजात थोरल्या मुलीला धाकट्यांना सांभाळायला घरी ठेवायची रीत होती. हे वाचलं तेव्हा मला परदेशाबद्दल वाचतेय असं वाटलंच नाही. स्तानिस्लास देहाएन यांच्या गटानं २०१० साली वाचायला शिकल्यानं दृष्टीच्या आणि भाषेच्या भागांची जुळणी कशी बदलते ते दाखवलं. म्हणजे ज्या मेंदूला मी ‘सर्वसाधारण’ म्हणते तो शाळेनं घडवलेला आहे. माझा स्वतःचाही. याच गावातल्या शाळेत ‘मले’ नाही, ‘मला’ म्हणायचं, हे मी शिकले. आज मी ‘मला’ म्हणत प्रश्न विचारते तेव्हा समोरची बाई अंग चोरते, पदर सावरते, उत्तर लहान करते. वऱ्हाडीत विचारलं तर ती बोलते, पण मग चाचणीची ठरवून दिलेली शब्दरचना मोडते आणि मिळालेले गुण प्रमाणकांशी ताडता येत नाहीत. मी बहुधा मोडते. अहवालात तसं लिहिते. ते लिहिल्यावर आकड्याचं वजन कमी होतं, हे मला ठाऊक आहे.

भाषेबद्दल एक दिलासा देणारी गोष्टही आहे. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ साली ते काम आलं. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसू लागला होता आणि कधी शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फरक होता. आमच्या बाजारात भाजी विकणारी बाई गिऱ्हाईक पाहून तीन भाषा बदलते. तिला कुणी बहुभाषिक म्हणत नाही, अडाणी म्हणतात. आणि हेही खरं की भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकारानं स्मृतिभ्रंशासाठी ज्या पाच भारतीय भाषांत चाचण्यांचा संच पहिल्यांदा बांधला गेला — हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम — त्यांत मराठी नव्हती. आपण मराठी बोलणारे मानसशास्त्रज्ञ कमी नाही. मग हे काम करायला आपण पुढं का झालो नाही, हा प्रश्न मी स्वतःला वगळून कुणाला विचारू शकत नाही.

गुण कमी पडण्यामागं निरक्षरता हे एकच कारण नसतं. एक शेतकरी, चाळिशीतला, लक्ष लागत नाही म्हणून आला. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेला होता, त्यामुळं सगळ्यांनी तेच कारण धरलं होतं. सकाळी दहाला त्याला बसवलं तर आकड्यांची ओळ चौथ्या आकड्याला तुटत होती. मी विचारलं, रात्री लाईट होती का? होती. हरभऱ्याला पाणी द्यायला तो पहाटेपर्यंत शेतात होता, आठवडाभर. कृषिपंपांची वीज पाळीनं रात्री येते, हे माझ्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण इथल्या माणसाचं लक्ष आणि वेग मोजायचा असेल तर आधी तेच विचारावं लागतं. दिवसपाळीच्या आठवड्यात तो परत आला तेव्हा बरीच सुधारणा होती, सगळी नाही. उरलेलं अपघाताचं, की कपाशीवरच्या फवाऱ्याचं? फवारणीतली सेंद्रिय फॉस्फरसची औषधं मज्जातंतूंमधल्या ज्या विकराला बंद पाडतात, त्याच विकराला सौम्यपणे अडवणाऱ्या गोळ्या आम्ही स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला देतो. विष आणि औषध एकाच दारातून जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं मेली तेव्हा महाराष्ट्र हलला. जी मेली नाहीत, वर्षानुवर्षं नाकातोंडाला रुमाल बांधून फवारत राहिली, त्यांच्या स्मरणाचं काय झालं, हे विचारायला त्यांच्या दारी किती जण गेले? मी त्या माणसाच्या अहवालात तिन्ही कारणं लिहिली. नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी त्याला एकच कारण हवं होतं.

सगळ्यात अवघड जातं ते मुलांच्या बाबतीत. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी बौद्धिक क्षमतेबरोबर सामाजिक परिपक्वता मोजायची असते. ती मोजपट्टी मुळात एडगर डॉल यांनी अमेरिकेतल्या व्हाइनलँड इथं १९३५च्या सुमारास केली. तिच्यात मूल काटा वापरतं का, सुरीनं लोणी लावतं का, असे प्रश्न होते. तिचं भारतीय रूप आपल्याच विदर्भात, नागपुरात झालं; डॉ. आर्थर मालिन यांनी ते केलं आणि वेक्स्लरच्या बालबुद्धिमापनाचं भारतीय रूपही त्यांनीच १९६९मध्ये दिलं. त्याआधी व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची चाचणी धारवाडकडच्या कानडी आणि मराठी मुलांवर बसवली, त्यांचं पुस्तक १९४०चं. ही माणसं आमची पूर्वज आहेत. परक्या मापात आपलं मूल कोंबायचं नाही हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. पण त्यांच्या मोजपट्ट्या आजही जवळपास तशाच आमच्या कपाटात आहेत. मालिन यांच्या यादीत मूल भात नीट कालवून खातं का, असा एक प्रश्न आहे. नागपूरकडं तो रास्त होता. इथं माझ्या लहानपणी भात सणावारी. मूल भाकरी मोडून वरणात कुस्करायला शिकायचं. आता रेशनच्या तांदळानं भात रोजचा झालाय, तर प्रश्न पुन्हा लागू झालाय. मोजपट्टी तीच राहिली, तिच्याखालची जमीन दोनदा बदलली.

बारा वर्षांचा एक मुलगा होता. अक्षर लागत नव्हतं, दोनअंकी बेरीज येत नव्हती. पण रोज शेळ्या घेऊन टेकडीवर जायचा आणि संध्याकाळी सगळ्या परत आणायचा. मोजता येत नसताना कसं, म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘तोंडं पाह्यतो ना.’ एक कमी असली तर कोणती ते त्याला कळायचं. मोजपट्टीवर प्रत्येक गोष्टीपुढं मला पूर्ण, अर्धा की शून्य हे ठरवायचं असतं. गावात एकटा फिरतो: पूर्ण. पैशाचा व्यवहार करतो: बिस्किटाचा पुडा आणतो, उरलेले पैसे मोजत नाही, दुकानदार ओळखीचा आहे. हे पूर्ण, की अर्धं? सरकारी नियमानुसार सामाजिक गुणांक ६९ आला तर अपंगत्व पन्नास टक्के, ७० आला तर पंचवीस. लाभासाठी किमान चाळीस लागतात. म्हणजे त्या बिस्किटाच्या पुड्याला मी काय देते यावर त्याचा दाखला अडलेला. आई समोर बसलेली. तिला आकडा कमी हवा होता आणि तिनं तसं बोलूनही दाखवलं, ‘ताई, तुमच्या हातात हाये.’ माझ्या हातात होतं, हेच तर माझं दुखणं. शेळ्यांचं लिहिलं तर मुलगा कर्तबगार ठरतो आणि दाखल्याविना राहतो. नाही लिहिलं तर दाखला मिळतो आणि त्याच्याजवळ जे आहे ते कागदावरून नाहीसं होतं. मी शेळ्यांचं लिहिलं. पुड्याला अर्धा दिला, कारण अनोळखी दुकानात त्याला नेऊन पाहिलं तेव्हा तो फसला. आईची गरज खरी होती, तिचा विचार हात लिहीत असताना माझ्या मनात होता. तो नव्हता असं मी म्हणू शकत नाही, आणि तो नसायला हवा होता असंही मला वाटत नाही. ६८ हा आकडा त्यातून आला.

अलीकडं मी अहवालाची मांडणी बदलली आहे. आकड्याच्या आधी एक परिच्छेद: माहिती कुणी दिली, कोणत्या भाषेत, ओसरीवर की चुलीपाशी, माणूस रात्री झोपला होता का, ऐकू-दिसू किती येतं, कोणतं काम तो आयुष्यभर करत आला आणि त्यातलं काय गेलं. ‘मी स्वतः पाहिलं’ आणि ‘घरच्यांनी सांगितलं’ हे वेगळं लिहिते. छापील नमुन्यात यासाठी जागा नाही, म्हणून जादा कागद जोडते. तो पुढं कुणी वाचतं की टाचणी काढून बाजूला ठेवतं, ते माझ्या हातात नाही.

सध्या एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांना तीसपैकी एकोणतीस गुण पडले. तारीख, वार, साल, शंभरातून सात, पंचकोन, सगळं चोख, अक्षर तर मोत्यासारखं. आकडा म्हणतो काही झालेलं नाही. गुरुजीही तेच म्हणतात. पण सून सांगते की आठवडी बाजारातून ते दोनदा दुसऱ्याच गल्लीत गेले, आणि सोसायटीचा हिशेब, जो ते वीस वर्षं एकहाती लिहायचे, तो त्यांनी कुणालाही न सांगता सोडून दिलाय. शिक्षण नसल्यानं आजींचे गुण जसे हिरावले गेले तसे शिक्षणानं ते गुरुजींना उसने दिलेले असू शकतात. त्यांच्या अहवालावर मी अजून सही केलेली नाही. त्यांच्या हिशेबाच्या मागच्या पाच वर्षांच्या वह्या ओळीनं लावून पाहायच्या आहेत, खाडाखोड कुठून वाढली, बेरजा कुठून चुकू लागल्या. गुरुजींना आधी विचारलं, त्यांनी हो म्हटलंय. सून वह्या काढून ठेवणार आहे.